समुद्रघोड्याचं बाळंतपण

"ही रिबीन कुणी बांधली याच्या डोक्याला?" अस्वलकाका ओरडले.

उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं. टेबलावर फोडलेलं पार्सल होतं, त्यातून निघालेली नव्या आवृत्तीची कोरी करकरीत प्रत होती, गार होत चाललेला चहा होता, आणि समोरच्या पानावर एक समुद्रघोडा होता. त्याच्या डोक्यावर गुलाबी रिबीन, डोळ्यांना लांबलचक पापण्या. पोटावरची पिशवी मात्र जशीच्या तशी, कारण ही पिशवी म्हणजे काय भानगड आहे हे चित्र बदलणाऱ्याला ठाऊकच नसावं. काकांनी चष्मा पुसला आणि वरची ठळक ओळ पुन्हा वाचली. 'समुद्रघोड्यांच्या घरी बाळंतपण आईचं.'

त्यांनी लिहिलं होतं, 'समुद्रघोड्यांच्या घरी बाळंतपण बाबांचं.' इतकी वर्षं तसंच छापून येत होतं.

आणि ही काही त्यांनी मनाने रचलेली गंमत नव्हती. समुद्रघोड्याची मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते आणि तिथून पुढचं सगळं तोच निस्तरतो. पोट त्याचं फुगतं, कळा त्याला येतात, पोरं त्याच्या पिशवीतून बाहेर पडतात, तीही शेकड्यांनी. समुद्रात हे आजही चाललेलं आहे, कुणाला आवडो न आवडो. फक्त काकांच्या पुस्तकात ते काल-परवापासून बंद पडलं होतं.

अस्वलकाका हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. गल्लीतल्या पोरांनी ते ठेवलं होतं, कारण काका बोलायच्या आधी गुरगुरत. आयुष्यभर त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून नोकरी केली. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, पाणी आलं पण आम्ही झोपलो होतो, अशा सगळ्या तक्रारी घेऊन लोक यायचे आणि काकांच्या तोंडावर ओतून जायचे. पाणी सोडणं काकांच्या हातात नव्हतं, पण शिव्या खाणं होतं. त्या शिव्या पचवून हा माणूस पहाटे उठे आणि पोरांसाठी प्राण्यांच्या गमती लिहीत बसे. वॉम्बॅट नावाच्या गुबगुबीत प्राण्याची शी चौकोनी ठोकळ्यांसारखी का असते, पाणघोडा शेपटीने घाण चौफेर कशी उडवतो, ऑक्टोपसला तीन हृदयं असून त्याचं लग्न का टिकत नाही. पुस्तकाचं नाव होतं 'प्राण्यांच्या घरच्या भानगडी'. जगातल्या पोरांना हसवणारा हा माणूस स्वतः कधी हसताना कुणी पाहिला नाही. पुस्तकाच्या मागच्या बाजूला त्यांचं एक वाक्य ठळक छापलेलं असे: 'कुणी काहीही सांगो, पुस्तकात बघा.'

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची.

"तुझ्याकडे ती जुनी प्रत आहे का? तुझी?"

"आहे. काय झालं?"

"तिने समुद्रघोड्याची बाई केली."

"कुणी?"

"प्रकाशनातल्या सूनबाईने. रिबीन बांधलीय. बाळंतपण आईचं म्हणून छापलंय. माझं नाव वर आणि हे आत. मी आत्ता जातो आणि तिचं ते दुकान उलटंपालटं करतो."

लेक म्हणाली, "बाबा, आधी चहा प्या. मग भांडा. उपाशीपोटी भांडलात की तुम्हाला चक्कर येते."

"चहा गार झालाय."

"मग गरम करा. संध्याकाळी दुकानात तुमच्या वाचनाच्या कार्यक्रमाला मी येतेच आहे. जुनी प्रत आणते."

काकांनी चहा गरम केला नाही. गारच प्यायले, तोही उभ्याउभ्या, आणि निघाले.

त्या पानाचं त्यांना एवढं काय होतं, हे सूनबाईला माहीत असायचं कारण नव्हतं. काकांनी ते कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लेक जेमतेम बसायला शिकत होती तेव्हा तिची आई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात दाखल केली आणि परत आलीच नाही. त्यानंतर न्हाऊमाखू घालण्यापासून वेण्या घालण्यापर्यंत सगळं काकांनी केलं. वेण्या वाकड्या यायच्या, पण यायच्या. शेजारपाजारच्या बायका दारातून डोकावून "बिचारी गं" म्हणायच्या, आणि त्या शब्दाने काकांच्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा, त्यापुढे खिडकीवरच्या शिव्या काहीच नव्हेत. बिचारी कशाने? पोर जेवलेली आहे, न्हालेली आहे, तिच्या फ्रॉकची सगळी बटणं जागेवर आहेत. आणि ही म्हणे बिचारी.

मग लेक शाळेत जाऊ लागली. एक दिवस वर्गात बाईंनी शिकवलं की आई आपल्याला वाढवते आणि बाबा कमावून आणतात. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग हिला कुणी वाढवलं?" वर्ग हसला. लेक घरी येऊन रडली नाही. बूटसुद्धा न काढता भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. काकांना जवळ घेऊन समजूत काढणं जमत नसे, तसे शब्दच त्यांच्या तोंडात कधी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी समुद्रघोड्याचं पान लिहिलं आणि शाळेला निघायच्या आधी तिला वाचून दाखवलं.

'समुद्रघोड्यांच्या घरी बाळंतपण बाबांचं. आई अंडी आणते, बाबांच्या पिशवीत ठेवते, म्हणते, सांभाळा हं, आणि जाते फिरायला. बाबांचं पोट फुगत जातं. शेपटीने गवताला घट्ट धरून बाबा उभे. आणि मग एक दिवस पोटाला झटके देत देत बाबा पोरं बाहेर सोडतात. एक नाही, दोन नाही, शेकडो. नावं ठेवायला वेळ कुणाला आहे?'

लेकीने विचारलं होतं, "आई फिरायला जाते ती परत येते का?"

"समुद्रघोड्यांची येते. रोज सकाळी येऊन भेटून जाते."

"आपली?"

"आपली नाही येत," काका म्हणाले होते.

पोरांना विचारलं तेवढं सरळ सांगायचं, गोड करून सांगायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता आणि तो त्यांनी तिथेही मोडला नाही. लेकीने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "नावं ठेवायला वेळ कुणाला आहे, हे मस्त आहे." पुस्तक छापून आलं तेव्हा ते दप्तरात घालून ती शाळेत गेली आणि तिने ते पान उघडून बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी वाचलं, परत वाचलं आणि वर्गाला म्हणाल्या, "पुस्तकात आहे म्हणजे खरंच असणार." त्या दिवशी लेक उड्या मारत घरी आली. "बाबा, बाईंनी मान्य केलं." काका गुरगुरले आणि तिला जेवायला वाढलं. एवढंच. पण ती गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती.

प्रकाशनाची जागा लांबट होती. पुढे पुस्तकांचं दुकान, मधे सूनबाईची खोली, मागे बोळासारखी वाट आणि त्या वाटेत दोन्ही भिंतींना लावून रचलेली खोकी. जुने मालक गेले, त्यांच्या मुलाला पुस्तकांत रस नव्हता, आणि बुडायला आलेला धंदा सुनेने हातात घेऊन तारला. हे काकाही मान्य करत. आता मालकीण तीच, पण सगळे तिला अजून सूनबाईच म्हणत.

"या काका. पाहिलंत? कागद कसला झालाय."

"कागद चांगलाय. त्यावर खोटं छापलंय." काकांनी पान उघडून तिच्यासमोर आपटलं.

"अच्छा, ते होय. तुम्हाला फोन करणारच होते, राहून गेला."

"राहून गेला."

"बसा ना. हे बघा, शाळांनी पुस्तक घेतलंय. कितीतरी गावांत जाणारे. त्यांच्याकडच्या एक बाई म्हणाल्या, हे पान वर्गात समजावून सांगायला अवघड जातं, पालक विचारायला येतात. म्हटलं, एका पानासाठी कशाला घोळ घालायचा. मुलांचा गोंधळ होतो, काका."

"मुलांचा होत नाही. इतक्या वर्षांत एकाही पोराने मला विचारलं नाही की असं कसं. पोरं म्हणतात, बरं, मग पुढे? गोंधळ मोठ्यांचा होतो."

"असेल. पण पुस्तक विकत मोठेच घेतात."

"म्हणून लहानांना खोटं विकायचं?"

सूनबाईचाही चेहरा आता बदलला. तिने पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? मला ते पान कधीच आवडलं नाही. माझी दोन्ही बाळंतपणं पोट फाडून झालीत. टाके ओले असताना मी या खुर्चीत येऊन बसलेय, हिशेब बघितलेत, छपाईवाल्यांशी भांडलेय. आणि पुस्तक उघडावं तर बाळंतपणाचं कौतुक कुणाचं, तर बाबाचं. आई काय करते? अंडी ठेवते आणि फिरायला जाते. वा. एवढी एक गोष्ट आमच्या नावावर होती, तीही तुम्ही बाप्यांनी घेऊन टाका."

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नाही याचाच त्यांना जास्त राग आला. ते पुटपुटले, "तुझं सगळं खरं आहे. तुझ्यावर वेगळं पुस्तक लिहितो हवं तर. पण त्याचा सूड त्या गरीब माशावर कशाला?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो," ती म्हणाली, "निळी पिशवी, दाराच्या मागे. नाही, त्याला तो शर्ट नको घालूस, टोचतो म्हणतो. तेल थोडंच लाव. बरं." तिने फोन ठेवला.

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"नवरा."

"काय करतोय?"

"पोरांना आंघोळ घालून शाळेत सोडतोय."

"कुणाला सांगू नकोस हं," काका म्हणाले. "मुलांचा गोंधळ होईल."

सूनबाई हसली नाही. तिला लागलं होतं आणि ते दिसत होतं. ती उठून उभी राहिली, म्हणजे आता आपण जावं. "काका, पुढच्या आवृत्तीत बघू. आता काही होणार नाही. संध्याकाळी गाडी लागणारे, खोकी उद्या शाळांत पोचायला हवीत. मी शब्द दिलाय."

"माझाही एक शब्द होता आत. गाडी थांबव."

"नाही थांबणार. आणि संध्याकाळी या तुम्ही. पोरं तुम्हाला बघायला येणारेत."

काका दार आपटून बाहेर पडले. दार काचेचं होतं, त्याला वर दट्ट्या बसवलेला होता, त्यामुळे ते आपटलं नाही, हळूच आवाज न करता मिटलं. याचाही त्यांना राग आला.

दिवसभर त्यांनी ठरवलं की जायचं नाही. दोनदा कपडे घातले, दोनदा काढले. शेवटी पोरं येऊन बसली असतील आणि पोरांचा यात काय दोष, असं म्हणून ते निघाले. वाटेत त्यांना सूनबाईला सुनावण्यासारखी इतकी वाक्यं सुचली की दुकानापर्यंत पोचेस्तोवर निम्मी विसरून गेले.

दुकानात सतरंज्या अंथरल्या होत्या. पोरं दाटीवाटीने बसली होती, बहुतेकांच्या हातात नवं पुस्तक होतं. मागे खुर्च्यांवर पालक. लेक कामावरून परस्पर आली होती आणि मागच्या भिंतीला टेकून उभी होती, खांद्यावरची पिशवी पोटाशी धरून. काका स्टुलावर बसले, गुरगुरले आणि पोरं तेवढ्यानेच खूश झाली.

त्यांनी वॉम्बॅट वाचला. चौकोनी शीवर पोरं लोळायची बाकी राहिली. एक पोरगा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्यांनी पाणघोडा वाचला, आणि ज्यांच्या अंगावर स्वच्छ कपडे होते ते पालकसुद्धा हसले. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "समुद्रघोडा वाचा." काकांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. ते पान त्यांना पाठ होतं.

"समुद्रघोड्यांच्या घरी," ते म्हणाले, "बाळंतपण बाबांचं."

"तुम्ही चुकीचं म्हणताय."

दुसऱ्या रांगेत एक चष्मेवाली मुलगी होती. वय सात-आठ, गुडघ्यावर चिकटपट्टी, पुस्तक उघडून मांडीवर धरलेलं आणि बोट ओळीवर. "इथे आईचं लिहिलंय."

"तिथे चुकलंय," काका म्हणाले.

"पुस्तकात चूक असते?"

"या पुस्तकात आहे."

मुलीने पुस्तक मिटलं, उलटं केलं आणि मागचं वाक्य मोठ्याने वाचलं. "कुणी काहीही सांगो, पुस्तकात बघा." मग तिने काकांकडे पाहिलं. "मी बघितलं."

पालक हसले, कौतुकाने हसले. सूनबाईही कोपऱ्यात हसली आणि तिने सवयीने टाळी वाजवली. काकांच्या डोक्यात सकाळपासून जे साठलं होतं ते त्या टाळीने फुटलं. एकेकाळी ज्या पुस्तकाने त्यांच्या पोरीची बाजू घेतली होती, तेच आज त्यांच्यासमोर उलट साक्ष देत होतं आणि सगळं दुकान मजेत बघत होतं.

"हे मी लिहिलेलं नाही!" ते ओरडले. "खोटं आहे हे. साफ खोटं. माझ्या नावावर छापलंय."

पुढच्या रांगेतलं सगळ्यात लहान पोर ओठ काढून रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला उचलून घेतलं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. खिडकीच्या पलीकडून लोक जसे ओरडायचे तसे आज ते ओरडले होते, आणि तेही ज्यांच्या हातात पाणी सोडणं नाही अशांवर. सूनबाई पुढे यायला निघाली, तोंडावर ते कार्यक्रमाचं हसू घेऊन. पण तिच्या आधी लेक पोरांमधून पाय ठेवत ठेवत पुढे आली आणि चष्मेवालीच्या शेजारी खाली बसली. पिशवीतून तिने जुनी प्रत काढली.

"हे बघ. हेच पुस्तक, आधीचं."

"हे फाटकं आहे," मुलगी म्हणाली.

"वाचून वाचून फाटलंय."

मुलीने दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. एका ओळीवर एक बोट, दुसऱ्या ओळीवर दुसरं. वरचं नाव पाहिलं, दोन्हींवर तेच होतं. सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"दोन्ही तुमचीच. मग खरं कुठलं?"

"जुनं," काका म्हणाले. आवाज आता खाली आला होता.

"तुम्ही तुमचंच खरं म्हणणार." तिने चष्मा वर सरकवला. "एकात आई, एकात बाबा. मी तिसऱ्यात बघीन."

काका तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते पोरांसाठी लिहीत होते ते अशा पोरीसाठीच, हे त्यांना कळत होतं. पण म्हणून राग काही गेला नाही. "बघ," ते म्हणाले. "जरूर बघ. पण आण इकडे, तोवर मी एवढी ओळ दुरुस्त करून देतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं.

मुलीने नवं पुस्तक छातीशी धरलं. "रेघ मारू नका. माझं आहे."

काकांनी पेन परत खिशात ठेवलं. मुलगी लेकीकडे वळली. "हे फाटकं मला द्याल?"

लेकीने जुनी प्रत उचलून पिशवीत घातली. "नाही," ती म्हणाली. "हेही माझं आहे."

मुलीला ते पटलं. तिने मान हलवली.

कार्यक्रम कसाबसा संपला. पोरं पुस्तकं घेऊन गेली, पालक सूनबाईशी हळू आवाजात बोलून गेले, आणि कुणीतरी "वय झालंय, चालायचंच" असं काकांना ऐकू जाईल इतपत म्हणून गेलं. काकांनी एकाही प्रतीवर सही केली नाही. ते मागच्या वाटेने निघाले, कारण पुढच्या दाराला तो दट्ट्या होता.

मागच्या वाटेच्या तोंडाशी गाडी लागली होती. मागचं फळकं खाली पाडलेलं, इंजिन धडधडतंय, आणि गाडीवाला एकेक खोकं उचलून आत सरकवतोय. काका थांबले. खोक्यांवर शाळांच्या गावांची नावं लिहिलेली होती, बरीचशी त्यांनी कधी पाहिलेलीही नव्हती. त्या गावांत बाक असतील, मागचे बाक असतील, आणि त्यावर बसून हसणारी पोरं असतील. एखादी न हसणारीही असेल. तिने पुस्तक उघडून बाईंच्या टेबलावर ठेवलं तर बाई वाचतील आणि म्हणतील, पुस्तकात आहे म्हणजे खरंच असणार.

काका जवळच्या खोक्यावर बसले.

"काका, उठा," गाडीवाला म्हणाला. "ते घ्यायचंय."

"घे दुसरं."

त्याने दुसरी घेतली. घेता घेता काकांच्या बुडाखालचं आणि त्यांच्या मागे रचलेलीच उरली. तो कपाळ पुसत त्यांच्यासमोर उभा राहिला. "आता उठा."

"नाही उठत."

सूनबाई आली. तिच्या हातात दुकानाच्या किल्ल्या होत्या. "काका, हे काय चालवलंय. लोक बघतायत."

"बघू देत. सकाळी तुला सांगितलं, गाडी थांबव. तू म्हणालीस थांबणार नाही. आता मी थांबवतो."

"म्हणजे काय करणार?"

"दुरुस्त करणार. गाडीत गेलेलीसुद्धा."

"ही सगळी? रात्रभर बसलात तरी व्हायची नाहीत. आणि खालचं सगळं पान तसंच आहे, एक ओळ खोडून काय होणारे? वर एक आणि खाली दुसरंच."

"होऊ दे," काका म्हणाले. "वर बाबा आणि खाली आई. पोरं विचारतील खरं कुठलं. विचारू देत. कुणीतरी तिसऱ्यात बघेल."

लेक मागून आली होती. तिने काही विचारलं नाही. शेजारच्या खोक्यावर बसली, दवाखान्यातलं लाल पेन पिशवीतून काढलं, आणि खोक्याची चिकटपट्टी नखाने उकलून ओढली. काकांनी पहिली प्रत काढून पान उघडून तिच्यासमोर धरली. तिने 'आईचं' वर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बाबांचं'. गुलाबी रिबिनीलाही एक फुली मारली.

"हात भरून येईल तुझा," काका म्हणाले.

"तुम्ही पानं उघडा."

गाडीवाला बघत होता. त्याने विचारलं, "काय चुकलंय त्यात?"

"बाप गाळलाय," काका म्हणाले.

गाडीवाल्याने खोक्यांकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. "मग घाला की," तो म्हणाला आणि इंजिन बंद करायला पुढे गेला.

इंजिन थांबल्यावर त्या वाटेत एकदम शांत वाटू लागलं. सूनबाई किल्ल्या हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. तिने पुढचं दुकान बंद केलं आणि मागच्या वाटेतला दिवा चालू ठेवून ती घरी गेली. काका पान उघडत होते, पुढे धरत होते, लिहिलेली प्रत वाळायला बाजूला ठेवत होते, आणि मधूनच सूनबाईला, शाळांना आणि त्या रिबीनवाल्याला शिव्या देत होते. लेक मान वर करत नव्हती. शाळेत शिक्षा म्हणून एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहायला लावतात तशी ती लिहीत होती, बाबांचं, बाबांचं, बाबांचं, आणि तिचं अक्षर शेवटपर्यंत बिघडलं नाही.